टॉर्चचा एलईडी बदलता येतो, बदलू द्या

टॉर्च मंद झाला किंवा बंदच पडला आणि तो घेऊन कोणी दुकानात गेलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘एलईडी आहे हो, त्याला काही करता येत नाही. नवाच घ्या.’ हेच उत्तर जरा सफाईदार भाषेत इलेक्ट्रॉनिक्स जाणणारेही देतात. त्यांचं म्हणणं असं की एलईडीचं आयुष्य पन्नास हजार तास, म्हणजे तो बदलायची वेळ येतच नाही. आलीच तर तोवर टॉर्च जुनाट झालेला असतो. आणि एवढ्याशा वस्तूवर कारागिराचा वेळ घालवणं हिशेबात बसत नाही. या मताच्या शेजारी दुसरं एक मत सुखाने नांदतं, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते त्याच माणसाच्या तोंडी असतं: बदलायचाच असेल तर मोठ्या वॅटचा टाका, उजेड दुप्पट पडेल. पहिलं मत दुरुस्ती निरर्थक ठरवतं, दुसरं तिला नुसती हौस बनवतं. दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींच्या चुकीचं मूळ एकच आहे. एलईडीला प्रवाह किती मिळतो आणि त्याची उष्णता कुठे जाते, या दोन गोष्टींवर त्याचं आयुष्य ठरतं आणि उजेडही. दुकानदार आयुष्याबद्दल बोलताना या गोष्टी विसरतो आणि वॅटबद्दल बोलतानाही विसरतो. एलईडी हा पूर्वीच्या बल्बसारखाच टॉर्चचा एक झिजणारा भाग आहे. तो बदलता आला पाहिजे, आणि बदलताना वॅटच्या आकड्यापलीकडे पाहिलं पाहिजे, एवढंच इथे मांडायचं आहे.

पन्नास हजारांचा आकडा आधी घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. रोज तासभर टॉर्च वापरणाऱ्याला हा आकडा एकशे सदतीस वर्षांचं आश्वासन देतो. ते कोणी पेटवून तपासलेलं नाही, हे सांगायला नकोच. ते गणिताने काढलेलं आहे. अमेरिकेतल्या इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीने २००८ साली एलएम-८० नावाची चाचणीपद्धत ठरवून दिली. तिच्यात एलईडीचे नमुने ठरावीक तापमानाला आणि ठरावीक प्रवाहावर किमान ६,००० तास पेटते ठेवतात आणि उजेड किती उतरला ते मोजत जातात. पुढे तो किती उतरेल याचा अंदाज टीएम-२१ या जोडपद्धतीने बांधतात. तिथेही मर्यादा घातलेली आहे: नमुने पुरेसे असले तरी चाचणीकाळाच्या सहापटीपलीकडचा दावा करायचा नाही. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,००० तासांपुढे तोंड उघडता येत नाही. ‘आयुष्य संपलं’ याचा इथला सर्वसाधारण अर्थही दिवा विझला असा नाही, उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर आला असा आहे. आणि खरी मेख पुढेच आहे. ही परीक्षा एलईडीच्या तुकड्याची असते, टॉर्चची नसते. परीक्षेत एलईडीच्या बुडाचं तापमान ५५ किंवा ८५ अंशांवर राखलेलं असतं, प्रवाह स्थिर असतो, कोणी त्याला बांधावर आपटत नाही, पावसात भिजवत नाही. प्रयोगशाळेतल्या तुकड्याचा आकडा उचलून खोक्यावर छापला, म्हणून खोक्यातल्या वस्तूला ते आयुष्य लाभत नाही.

खोक्यातल्या वस्तूत प्रत्यक्ष काय असतं ते पाहावं. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा स्वस्त चार्जिंगचा टॉर्च म्हणजे प्लॅस्टिकचं कवच, आत ४ व्होल्टची शिसं-आम्लाची बंद बॅटरी, एखादा रेझिस्टर आणि पुढे पाच मिलिमीटरचे बारके एलईडी नाहीतर एखादा वॅटभराचा एलईडी. पाच मिलिमीटरच्या एलईडीला साधारण २० मिलिअँपिअर प्रवाह झेपतो. उजेड नजरेत भरावा म्हणून त्याला त्याहून कितीतरी जास्त पाजतात. त्याच्यातली उष्णता बाहेर जायला दोन बारीक तारांखेरीज वाट नाही. वरचं पारदर्शक राळेचं आवरण तापून पिवळं पडतं, निळ्या प्रकाशाचा पांढरा करणारा फॉस्फरचा थर उतरू लागतो आणि उजेड मंद व निळसर होत जातो. दहा-बारा एलईडी समांतर जोडलेले असले तर सगळ्यांना सारखा प्रवाह मिळत नाही. ज्याला जास्त मिळतो तो आधी जातो आणि त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. महागड्या अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये गोष्ट वेगळी असते, पण निराळ्या तऱ्हेने तीच असते. तिथे ताकदीचा एलईडी धातूच्या चकतीवर बसवलेला असतो, आणि ती चकती ज्यावर टेकते तो भाग बरेचदा पोकळ असतो, मध्ये उष्णतावाहक लेप नुसता नावाला असतो किंवा नसतोच. एलईडीत गेलेल्या विजेचा मोठा भाग आजही उष्णतेतच जातो, आणि बल्बसारखी ती उजेडाबरोबर पुढे फेकली जात नाही. मागच्या बाजूने, सोल्डरमधून आणि चकतीतून तिला बाहेर काढावी लागते. ती वाट अडली की एलईडी लवकर म्हातारा होतो. याखेरीज हातातून पडून सोल्डरचा सांधा तडकणं, तार तुटणं, एलईडीच्या घुमटावर धुळीचा कण जळून डाग पडणं, हे सगळं आलंच. यातलं काहीही पन्नास हजार तासांच्या हिशेबात धरलेलं नाही.

बल्बच्या काळात भाग जाणार हे गृहीत होतं, म्हणून त्याची सोयही होती. बल्ब पेचाचा असो वा कडेला पत्र्याची झालर असलेला असो, कडं फिरवलं की तो हाती येई आणि तालुक्याच्या बाजारात दुसरा मिळे. अमेरिकी मॅगलाइटसारख्या टॉर्चमध्ये तर जादा बल्ब मागच्या झाकणातच ठेवलेला असे. मग निळा एलईडी साधला, १९९६ साली निचिया या जपानी कंपनीने त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा एलईडी विकायला काढला, आणि पुढे २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या शोधाचं मोल कोणी नाकारत नाही. टॉर्चच्या बल्बने एका वॅटमधून जेमतेम दहा ल्युमेनच्या आसपास उजेड काढावा आणि एलईडीने शंभराहून जास्त काढावा, हा फरक क्रांतिकारकच आहे. पण या क्रांतीसोबत ‘आता बदलायचं काही उरलं नाही’ हा समज फुकटात आला, आणि तो उत्पादकांच्या फार सोयीचा होता. त्यांची बाजू घ्यायची तर एवढं म्हणता येईल की एलईडीला उष्णतेची वाट लागते, म्हणून तो बल्बसारखा सैल खोबणीत ठेवून चालत नाही, घट्ट बसवावा लागतो. खरं आहे. पण घट्ट बसवायला दोन स्क्रू पुरतात. चकती गोंदाने कायमची चिकटवणं, कडं न उघडेल असं डकवणं, प्लॅस्टिकचे दोन अर्धे वितळवून जोडणं, यातलं काहीही उष्णतेसाठी केलेलं नसतं.

आता मजुरीचा आक्षेप. ‘दोनशेच्या टॉर्चला दीडशेची मजुरी कोण देणार?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सगळ्या टॉर्चना एकच नाही. अगदी स्वस्त प्लॅस्टिक टॉर्च मंद झाला असेल तर पुष्कळदा दोष बॅटरीचा असतो. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी करून महिनोन्‌महिने तशीच ठेवली की ती मरते, आणि तिथे एलईडी बदलून काही हाती लागत नाही. बॅटरी, स्विच आणि एलईडी असं सगळंच गेलं असेल तर नवा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण ज्याचं कवच धातूचं आहे, सेल निघतो, रिफ्लेक्टर चकचकीत आहे आणि फक्त एलईडी गेला आहे, अशा टॉर्चला हे उत्तर लागू पडत नाही. तिथलं काम किती आहे ते सांगतो. पुढचं कडं फिरवून काच आणि रिफ्लेक्टर काढायचे. मल्टिमीटर लावून खात्री करायची की गेलाय तो एलईडीच, मागचं सर्किट नव्हे. चकतीवरच्या दोन तारा, एक अधिक आणि एक उणे, सोल्डरिंग आयर्नने सोडवायच्या. जुना लेप पुसून नवा अगदी पातळ लावायचा, त्याच मापाची नवी चकती दाबून बसवायची, तारा पुन्हा जोडायच्या. रिफ्लेक्टर आणि एलईडी यांच्यामधली प्लॅस्टिकची कडी विसरायची नाही. ती एलईडीला मधोमध ठेवते आणि रिफ्लेक्टरचा धातू टोकांना लागून शॉर्ट होऊ देत नाही. सरावलेल्या हाताला एवढ्या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चकती तीच ठेवून नुसता एलईडी बदलायचा असेल तर काम थोडं वरच्या दर्जाचं आहे: चकती खालून तापवायची, शिसंयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७च्या आसपास, जुना एलईडी चिमट्याने उचलायचा, नवा ठेवायचा, आणि वितळलेलं सोल्डर स्वतःच्या ताणाने त्याला बरोबर जागी ओढून घेतं.

हे कौशल्य आपल्याकडे नाही, असं कोणी म्हणू नये. तालुक्याच्या कोणत्याही गावात बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्त करणारा असतो. तो चार्जिंगचा पोर्ट बदलतो, गरम हवेच्या बंदुकीने नखाएवढी चिप उतरवतो आणि चढवतो. त्याच्या लेखी दोन तारांची चकती हा पोरखेळ आहे. त्याच्याकडे टॉर्च येत नाही याचं कारण मजुरी नव्हे. टॉर्च दुरुस्त होतो हेच गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलं नाही, आणि त्याच्याकडे चकतीही नसते. चकती मिळते मात्र. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे साधा वॅटभराचा एलईडी दोन-तीन चहांच्या पैशांत हाती पडतो. नावाजलेल्या कंपनीचा, तांब्याच्या चकतीवरचा एलईडी शेकड्यांत जातो. नकली मालाचा सुळसुळाट आहे हेही खरं, आणि तिथे ओळखीच्या दुकानाला पर्याय नाही.

दुरुस्ती मान्य केली की वॅटवाला पुढे सरसावतो. त्याचं म्हणणं अधिक लोकप्रिय असल्यामुळे त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा. एलईडीवर ‘१० वॅट’ असं लिहिलेलं असतं ते त्याच्या सोसण्याच्या मर्यादेबद्दल असतं. तेवढी वीज त्याला मिळेल की नाही हे मागचं सर्किट ठरवतं. सर्किट तीन वॅट देणारं असेल तर दहा वॅटचा एलईडी लावूनही मिळणार तीनच वॅट. म्हणून मग सर्किटही बदलायचं, प्रवाह वाढवायचा, असा सल्ला येतो. त्याचं काय होतं हे बघायला क्री कंपनीच्या एक्सएम-एल या गाजलेल्या एलईडीचं उदाहरण घेऊ. २०१०च्या सुमारास तो आला आणि पुढची कित्येक वर्षं जगभरच्या टॉर्चमध्ये तो नाहीतर त्याच्या नकला बसत होत्या. कंपनीचाच दावा असा होता की ३५० मिलिअँपिअरवर तो दर वॅटमागे १६० ल्युमेन देतो आणि ३ अँपिअरवर, म्हणजे साधारण दहा वॅट पाजल्यावर, १,००० ल्युमेन देतो, दर वॅटमागे १००. म्हणजे एका वॅटवरून दहावर गेलात की वीज दहापट आणि उजेड सव्वासहापट. हा कंपनीने आदर्श परिस्थितीत मोजलेला आकडा झाला. तापलेल्या टॉर्चमध्ये तो आणखी खाली येतो. आता सेलचा हिशेब करा. २,६०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा नेहमीचा लिथियम सेल, सुमारे साडेनऊ वॅट-तास साठवतो. सर्किटमधली गळती सोडून दिली तर एका वॅटवर तो नऊ तास चालेल, दहा वॅटवर तासभरही नाही. आणि त्या तासाभरात मिळालेला एकूण उजेड हा नऊ तासांत मिळालेल्या उजेडापेक्षा बराच कमी असेल. उरलेली वीज कवच तापवण्यात गेली. चुलीत लाकडं कोंबली म्हणून आच वाढत नाही, धूर वाढतो. इथे धुराच्या जागी उष्णता आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे तीच एलईडीचं आयुष्य खाते. म्हणजे जास्त वॅटची हौस करणारा माणूस पुढच्या बिघाडाची तारीख स्वतःच जवळ आणत असतो.

‘पण उजेड तर वाढला ना?’ असं यावर विचारलं जाईल. वाढला, पण डोळ्याला किती? आपला डोळा उजेडाची वाढ सरळ पटीत मोजत नाही. मोजपट्टीवर दुप्पट झालेला उजेड नजरेला थोडा जास्त वाटतो, दुप्पट मुळीच वाटत नाही. आणि लांबवर किती पोचेल हा तर निराळाच प्रश्न आहे. टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ हे मानक झालं. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे ढोबळमानाने पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो तेवढं अंतर. हे अंतर मीटरमध्ये काढायचं तर झोताच्या मध्यावरच्या तीव्रतेचं, कँडेलाचं, वर्गमूळ घेऊन दुप्पट करायचं. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० कँडेलाला ४०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर तीव्रता चौपट हवी. आणि ही तीव्रता एकूण ल्युमेनवर नव्हे, एलईडीच्या पृष्ठभागाच्या झळाळीवर आणि रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या आकारावर ठरते. मोठ्या वॅटच्या एलईडीचा प्रकाशणारा चौकोन मोठा असतो. तोच रिफ्लेक्टर ठेवून तो लावला की झोत पसरतो. एकूण उजेड वाढूनही पल्ला पूर्वीइतकाच राहतो किंवा चक्क घटतो. ‘अपग्रेड’ करून आणलेला टॉर्च शेजारच्या झाडापर्यंत लख्ख आणि बांधापर्यंत फिका का पडतो, याचं उत्तर इथे आहे. त्याच मानकात उजेड टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत मोजतात आणि उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून धरतात, हेही माहीत असावं. खोक्यावरचे ल्युमेन आणि खोक्यावरचे तास एकाच वेळी मिळत नाहीत. अर्थात हे मानक तरी पाळणाऱ्यांचं झालं. ‘एक लाख ल्युमेन’ असं बिनदिक्कत छापणाऱ्यांचा हिशेब आपणच करावा: दर वॅटला १५० ल्युमेन धरले तरी त्याला ६६० वॅटांहून जास्त वीज लागेल, आणि आतला एकुलता एक १८६५० सेल ती मिनिटभरही पुरवू शकणार नाही.

मग बदलताना पाहायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे रंग, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी. त्याच्यावरचा फॉस्फर पिवळा भर घालतो. स्वस्त आणि थंड, निळसर उजेडाच्या एलईडीत गडद लाल जवळजवळ नसतोच. त्यामुळे लाल, तपकिरी आणि मातकट रंग एकमेकांत मिसळून राखाडी दिसतात. रंग कितपत खरे दिसतात हे मोजायला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे, तिला सीआरआय म्हणतात. सामान्य टॉर्चचा एलईडी सत्तरच्या घरात असतो, चांगला नव्वदच्या वर. निचियाचा २१९ या मालिकेतला एलईडी या गुणासाठीच टॉर्चच्या शौकिनांत नावाजला गेला. नव्वदचा एलईडी घेतला तर त्याच विजेवर ल्युमेन पंधरा-वीस टक्क्यांनी किंवा थोडे अधिकही कमी पडतात, म्हणून उत्पादक तो लावत नाहीत. खोक्यावर आकडा लहान दिसतो. पण उजेडातला तेवढा फरक डोळ्याला जेमतेम कळतो आणि रंगातला लगेच कळतो.

ही चैनीची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात शेतीच्या वाहिन्यांवर थ्री-फेज वीज आळीपाळीने कधी दिवसा आणि कधी रात्री देण्याची रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला; तरी रात्री दारं धरायला जाणारा शेतकरी इतिहासजमा झालेला नाही. जुन्नरच्या बाजूला तर उसात बिबट्या. अशा शेतकऱ्याला एक किलोमीटर पल्ल्याचा झोत उपयोगाचा नसतो. पायापुढच्या दहा-पंधरा फुटांत पाचटावर काय पडलं आहे, काडी की घोणस, हे त्याला दिसायला हवं. घोणशीच्या तपकिरी अंगावर गडद ठिपक्यांची साखळी असते, फुरसं तर मातीच्याच रंगाचं. सगळं सपाट राखाडी करून दाखवणारा हजार ल्युमेनचा झोत आणि तपकिरीतली छटा वेगळी दाखवणारा दोनशे ल्युमेनचा पसरट उजेड, यांत त्याने दुसरा घ्यावा असं मी ठामपणे म्हणेन. रात्रीत फ्यूजपेटीतल्या लाल आणि काळ्या-तपकिरी वायरी ओळखायच्या असोत की जखमेतलं रक्त पाहायचं असो, हिशेब तोच. आणि हा उजेड पहाटेपर्यंत टिकायला हवा, जे दहा वॅटच्या हौशीत बसत नाही. तेव्हा त्याच किंवा किंचित कमी प्रवाहावर चालणारा, नव्या पिढीचा, उबदार किंवा मध्यम छटेचा, जास्त सीआरआयचा आणि मूळच्याच आकाराचा एलईडी, ही खरी सुधारणा. तिला रिफ्लेक्टर बदलावा लागत नाही, सर्किट बदलावं लागत नाही आणि सेलवर ताण येत नाही.

‘तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने पुढे जातंय की जुन्यावर पैसे घालणं मूर्खपणाचं’ हा आणखी एक आक्षेप आहे, आणि मला तो माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. पुढे गेलं ते काय? पाच मिलिमीटरच्या चौकोनातला तो तुकडा, आणि काही प्रमाणात सेल. अ‍ॅल्युमिनियमची नळी, काच, रबरी कडी, स्प्रिंग, रिफ्लेक्टर यांच्यात दहा-पंधरा वर्षांत सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. जो भाग वेगाने सुधारतो तोच बदलता यावा, यापेक्षा शहाणपणाची रचना कोणती? सेल तर आपण बदलतोच. जुन्या पितळी टॉर्चबाबत मात्र एक इशारा द्यायला हवा. बल्बच्या जागी थेट बसणारे एलईडी मिळतात, पण बल्बची तार चहूबाजूंना उजेड टाकते आणि तिचा खोल रिफ्लेक्टर त्याच हिशेबाने घडवलेला असतो. एलईडी फक्त पुढे उजेड टाकतो, त्यातला बराचसा रिफ्लेक्टरला शिवतही नाही. सेल जास्त टिकतील, पण जुन्यासारखा धारदार झोत मिळेलच अशी अपेक्षा ठेवू नये.

धोक्याचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायच्या पिना असलेले स्वस्त टॉर्च बहुधा ट्रान्सफॉर्मरविना, कपॅसिटरने व्होल्टेज उतरवून चार्ज होतात. असा टॉर्च प्लगमध्ये असताना उघडला तर आतल्या कोणत्याही तारेला २३० व्होल्ट असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. म्हणून आधी प्लग काढायचा, सेल बाहेर काढायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कडी नीट बसवायची, सुकली असेल तर सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. हे जमणार नसेल तर कारागिराकडे द्यावं. पण यावरून ‘म्हणून उघडताच येऊ नये’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात: न उघडणारा टॉर्च बिघडल्यावर लोक तो सुरीने उचकटतात, किंवा आतल्या सेलसकट उकिरड्यावर टाकतात. त्यातला धोका स्क्रूच्या टॉर्चपेक्षा कमी कसा?

कायद्याने या बाबतीत अजून डोळे उघडलेले नाहीत. युरोपीय संघाचा २०१९चा आणि १ सप्टेंबर २०२१पासून लागू असलेला नियम सांगतो की एखाद्या वस्तूत बसवलेला प्रकाशस्रोत साध्या हत्यारांनी, वस्तूला कायमची इजा न करता काढता आला पाहिजे. पण बॅटरीवर चालणारी साधनं त्यातून वगळली, आणि वगळलेल्यांच्या यादीत टॉर्च नाव घेऊन आहे. त्याच संघाचा २०२३चा बॅटरी नियम फेब्रुवारी २०२७पासून वापरणाऱ्याला बॅटरी काढता यावी असं बंधन घालणार आहे. बॅटरी निघेल, दिवा निघणार नाही, असा हा अर्धवट न्याय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. शेतकऱ्याच्या हातातला टॉर्च यांपैकी पहिल्याच क्षेत्रात बसवायला हवा. विक्रीच्या खोक्यावर ल्युमेनच्या शेजारी दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: एलईडीची चकती किती मिलिमीटरची, आणि त्याला प्रवाह किती मिळतो. एवढी माहिती असली की तालुक्याचा मोबाइलवाला बाकीचं बघून घेईल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर नवा टॉर्च घेताना दुकानातच पुढचं कडं फिरवून पाहा. ते उघडत असेल, आत चकती दिसत असेल आणि सेल बाहेर निघत असेल, तर पन्नास-शंभर रुपये जास्त मोजा. उघडत नसेल तर कितीही ल्युमेन लिहिलेले असोत, तो परत ठेवा. आणि घरात एलईडी गेलेला धातूचा टॉर्च पडलेला असेल तर तो भंगारात देऊ नका; मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि चकती बदलून मागा.